लोटूची फुंकर

लिंबायतच्या चाळींत शीतविद्येचे एकमेव आचार्य म्हणजे लोटू. अमळनेरकडून सुरतेस आलेल्या बहुतेकांनी यंत्रमागांच्या खडखडाटाला आपले कान अर्पण केले; लोटूने मात्र फ्रिजदुरुस्तीचा मार्ग पत्करला आणि आपले ज्ञान कोणापासून कधी लपवून ठेवले नाही. लपवावे असे त्यात काही नव्हतेच, असे म्हणणारे होते. पण त्यांचेही फ्रिज लोटूच दुरुस्त करी.

त्याच्या साधनेत एक मुख्य विधी होता. नळी जोडून झाली की तिचे टोक ओठांशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि पोटातून फुंकर मारायची. दुसऱ्या टोकाशी तळहाताला वारा लागला की नळी निर्दोष. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करणाऱ्या पुरोहिताच्या मुद्रेवरही इतके गांभीर्य क्वचितच दिसते. या फुंकरीने आजवर एकही फ्रिज बिघडला नव्हता. त्याचे कारण असे, की घरगुती फ्रिजमध्ये ओल शोषणारी ड्रायर नावाची एक डबी असते. ती बिचारी लोटूच्या मुखीचे बाष्प निमूट प्राशन करी, आणि कीर्ती लोटूला मिळे. जगातल्या कित्येक थोरव्या अशाच एखाद्या मुक्या डबीवर उभ्या असतात.

अशा या पुरुषाला सुरतेतल्याच कतारगामच्या छगनभाईंनी आपल्या कारखान्यात नेले. हिरे घासायच्या चाकांचे, म्हणजे घंट्यांचे, सुटे भाग करता करता छगनभाईंच्या हाती एक अपूर्व काम लागले होते. परदेशी भूमीच्या उदरात एक प्रचंड यंत्र आहे. त्यात सूक्ष्म कण एकमेकांवर आदळवतात, आणि त्या आघातांतून काय उडते ते टिपायला भोवती सिलिकॉनचे डोळे बसवलेले असतात. हे डोळे आपल्याच उष्णतेने बिघडतात. म्हणून त्यांच्या पाठीशी पोलादाच्या अतिबारीक नळ्यांतून द्रवरूप कर्बवायू खेळवून त्यांना हिमाहूनही थंड ठेवावे लागते. त्या नळ्यांचा नमुना छगनभाईंनी करायचा होता. नमुना कसोटीला उतरला तर काम कारखान्याला आणि नळ्यांचे प्रमुखपद लोटूला. न उतरला तर लोटू पुन्हा लिंबायतच्या फ्रिजांपाशी.

हे दुसरे टोक लोटूने कोणाला सांगितले नाही. पहिले मात्र सर्वांना सांगितले. विश्वाची उत्पत्ती शोधणारे यंत्र आता आपल्यामुळेच थंड राहणार, हे रिक्षातळावरच्या शेवटच्या माणसालाही ठाऊक झाले. त्याचा मेहुणा पंडित रिक्षा चालवी, तो रोज विचारी, "काय दाजी, दुनिया थंडी व्हयनी का नही?"

दुनिया थंडी होईना. संशोधनसंस्थेकडून स्वाती नावाची अभियंता आपले चाचणीयंत्र घेऊन आली होती. तिने नळीत थंड द्रव सोडला की नळीवर पांढरे हिम धरू लागे, आणि अर्ध्यावर येऊन थबके. आत कुठेतरी वाट बुजे. नळी काढून तापवली की वाट पुन्हा मोकळी! लोटू ती आतल्या खोलीत नेई, कोरड्या नायट्रोजनने वाळवी, कारण तशी लेखी आज्ञा होती. आणि मग, खात्रीसाठी, डोळे मिटून एक फुंकर मारी. वारा तळहाताला लागे. पुन्हा चाचणी होई आणि पुन्हा हिम अर्ध्यावर थबके.

छगनभाईंनी चाचणीयंत्रावर लिंबू-मिरची बांधली. आधुनिक भौतिकशास्त्राला हेही साहाय्य झाले नाही.

"काका, उद्या शेवटची चाचणी," स्वाती म्हणाली. "नाही उतरली, तर मला दुसरा कारखाना बघावा लागेल."

त्या दिवशी लोटू दिवेलागणीला घरी आला तो गप्प. कलाबाईने, त्याच्या पत्नीने, एवढी शांतता घरात पूर्वी ऐकली नव्हती. तिने विचारले, त्याने सगळे सांगितले, फुंकरीसकट. फुंकरीचे तर त्याने जरा कौतुकानेच सांगितले. इतक्यात दारातून वारा आला आणि देव्हाऱ्यातली ज्योत फरफरत शेजारच्या पडद्याकडे झुकू लागली. ती विझवायला लोटू सवयीने ओठांचा चंबू करून वाकला.

"आहो!" कलाबाई ओरडली. "देवना दिवा तोंडघाई इझाडू नही, हाई बी इसरनात का? उष्टी वाफ ती!" तिने एका फुलाने ज्योत शांत केली. मग म्हणाली, "देवले तुमनी वाफ चालत नही, अन त्या नळीले कशी चालस?"

लोटूचे ओठ तसेच राहिले. उष्टेपणाशी त्याला कर्तव्य नव्हते. पण वाफ म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे त्या थंडीत बर्फाचा खडा. फ्रिजातली ती डबी त्याला आठवली. कतारगामच्या चाचणीयंत्रात तसली डबी नव्हती. तिथे होता केवळ लोटू.

सकाळी तो नाकातोंडावर रुमाल बांधून कारखान्यात शिरला. छगनभाई उठून उभे राहिले आणि मुखपट्टी बांधलेल्या जैन मुनींपुढे जोडावेत तसे त्यांनी हात जोडले. "लोटूभाई, दीक्षा लीधी के शुं?"

लोटू थेट आतल्या खोलीत गेला. त्याने नळी नायट्रोजनने वाळवली, टोके बंद केली आणि, आयुष्यात प्रथमच, खात्री न करता ती स्वातीच्या हाती दिली. हिम धरू लागले. अर्ध्यावर आले. लोटूने डोळे मिटले. उघडले तेव्हा नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत शुभ्र होती.

"लिंबू!" छगनभाई उद्गारले.

"काका, काय बदललंत?" स्वातीने विचारले.

लिंबाला श्रेय देणे फार सोयीचे होते. पण पुढच्या नळ्या लिंबू वाळवणार नव्हते.

"लिंबू नाही, ताई," रुमालाआडून आवाज आला. "मी फुंकत होतो."

"केव्हा?"

"नायट्रोजन मारल्यावर."

स्वाती स्टुलावर बसली. "कशाला?"

"खात्री करायला."

"पुढच्या नळ्याही तुम्हीच करा," ती म्हणाली, "पण तो रुमाल सोडू नका." दुसऱ्याच दिवशी छगनभाईंनी 'थुंकू नये' या पाटीखाली 'फुंकू नये' अशीही पाटी लावली. पहिलीचे पालन होत नसे, दुसरीचे होई.

संध्याकाळी पंडितने नेहमीचा प्रश्न विचारला. लोटूने त्याला धीरगंभीर स्वरात समजावले, की ते यंत्र विलायती, नाजूक. खान्देशी श्वासाचा जोर त्याला पेलवला नाही, म्हणून आपणच मोठ्या मनाने श्वास आवरता घेतला. कलाबाईने त्याच्यापुढे चहाची बशी ठेवली. चहा कढत होता. लोटू ओठ पुढे करून वाकला, तिच्याकडे पाहून थबकला, आणि चहा आपोआप निवण्याची वाट पाहत बसला.