मला पाण्याची भीती नव्हती

भगवानची मोटारसायकल नाल्याच्या उतारावर आली तेव्हाच तिचा आवाज मला तुटका वाटला. फट्... मग जरा गप्प, पुन्हा फट्. प्लगवर काजळी धरली असणार. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मनात आलं, हे भोकरदनहून आले की सांगावं, पुतण्याची गाडी एकदा उघडून बघा. भगवान गाडी लावून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, काका गेले. स्टँडवर बाकड्यावर बसल्ते... तसेच." मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि डोक्यात अजून तो प्लगच चालू होता. आता हे सांगायचं कुणाला, ते समजायला मला बरेच दिवस लागले.

आता दीड महिना होत आला. दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसं, चहाची पातेली... सगळं उरकलं. अंगात काही राहिलं नाही असं वाटतं. येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून एकच म्हणायची, "कसं व्हायचं गं तुझं? तू तर मालकाला धरल्याबिगर नावेत बी बसत नव्हतीस." मी मान हलवायची. खरं सांगायला आता हरकत नव्हती, पण तोंडाशी येऊन परत जायचं. माझं असंच आहे. चार माणसांत शब्द फुटत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यावर लिहिते आहे. मुलीनं कधी वाचलं तर वाचू दे.

आमचे हे आधी विहिरींवरच्या डिझेल इंजिनांचे मिस्त्री. धरणात पाणी साठलं आणि फुगवटा आमच्या शिवारात शिरला, तेव्हा जुनी वाट बुडाली. आमचं रान पलीकडच्या काठाला गेलं, बाजाराची वाटही तिकडूनच. ग्रामपंचायतीनं एक लोखंडी नाव घेतली आणि तिच्या मागे टांगायचं मशीन. गावात इंजिन उघडणारे हे एकटेच, म्हणून नाव यांच्याकडे आली. दर पाडव्याला गावची बैठक बसायची आणि नाव कुणी चालवायची ते पुन्हा ठरायचं. दरवर्षी यांचंच नाव निघायचं. त्यावर आमचं घर चालायचं.

मशीनच्या खाली पाण्यात फिरतो तो पंखा. त्याच्या पात्यांना पीळ असतो. मी भाकरी थापत असताना हे पंखा मांडीवर घेऊन बसायचे आणि मला समजावून सांगायचे. "हे बघ, पीळ म्हणजे पंख्याचा घास. जास्त पिळाचा पंखा एका फेऱ्याला मोठा घास घेतो. रिकामी नाव हाय तवर पळती. माणसं, पोती भरली की त्याच घासानं मशीनचा दम निघतो. आन् लई लहान घास घेतला, तर मशीन नुसतं ओरडतं, नाव हलत न्हाई." मग कुठला पंखा बसवायचा ते कसं कळतं, असं मी विचारलं, तर कानाला बोट लावून म्हणाले, "हे सांगतं. आवाज दबला तर घास मोठा. आवाज वर गेला आन् नाव मागं राह्यली, तर घास लहान." नावेत पोती भरून, मग काढून, पुन्हा भरून, दिवस दिवस ते पाण्यावर ऐकत फिरायचे. बाजाराच्या दिवशी एक पंखा, इतर दिवशी दुसरा.

आणि तोच कान गेला. आधी विहिरींवरची इंजिनं, मग हे मशीन डोक्यामागे... माझ्या लक्षात आलं ते माकडांमुळे. दुपारी पत्र्यावर वानरांची टोळी नाचत होती, घर दणाणत होतं आणि हे खाली शांत झोपलेले. पुढे एकदा नावेत गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, आज मशीन खोकून राह्यलं का?" हे नुसते हसले. दोनातला एक प्लग बंद पडून मशीन निम्म्या जोरावर चाललेलं होतं आणि यांना पत्ता नव्हता. हातांनी तरी कळावं, तर वर्षानुवर्षं मशीनची मूठ धरून हातांना सारख्या मुंग्या.

त्या संध्याकाळी गोठ्यात यांनी मला सांगितलं. जालन्याच्या डॉक्टरनं कानात घालायचं मशीन घ्या म्हटलं होतं. "कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीच्या नावेत कोण बसंल? बाजीराव त्याच्या भाच्याला नाव मिळावी म्हणून कधीचा टपून बसलाय. त्याला कळलं की पाडव्याला आपली छुट्टी."

मी म्हटलं, "पण लोकांचा जीव हाय..."

त्यांनी कानाला हात लावून "काय?" केलं. मी कानाजवळ तोंड नेऊन पुन्हा म्हटलं. तेव्हा म्हणाले, "म्हणून तर तू बस माझ्यासंग. तुझे कान तिखट हायेत."

तेव्हापासून मी नावेत. पलीकडे रान होतंच, रोज जायला निमित्त होतं. यांच्या मागच्या बाजूला, मशीनजवळ बसायचं आणि हात पाठीवर ठेवायचा. आवाज तुटला तर बोटानं टोचायचं. दबला तर तळवा दाबायचा. नुसताच वर चढला तर तळवा वर सरकवायचा. सगळं बरं असलं की हात तसाच ठेवायचा. डोक्यावर पदर, समोर थोरले दीर, सासऱ्यांच्या वयाची माणसं, आणि मी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बसलेली! पहिले काही दिवस मान वर केली नाही. लाजेनं कान इतके तापायचे की मशीनचा आवाज चुकेल अशी धास्ती वाटायची.

बायका सोडतात होय? शेवंताबाई तर नाव सुटायच्या आधीच सुरू व्हायची. "अगं ए, नवरा हाय का खांब? पोरगी साळंला जाती तुझी, आन् अजून हात सुटंना!" दुसरी म्हणायची, "पाण्याला भेती गं ती." मीही मग मान हलवली. हो, भीती वाटते. ते सोपं होतं. तेव्हापासून मी गावाची भित्री झाले. सासूबाई चिडायच्या, "घराची लाज घालवली." यांना त्यातलं काही ऐकू यायचं नाही. सगळे हसताहेत बघून हेही हसायचे.

एका चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारी माणसं काठावर खचाखच उभी होती. जुना पंखा बुडालेल्या विहिरीच्या काठाला लागून तुटला होता, त्यामुळे शहरातून आणलेला नवा बसवला होता. नाव सुटली तसा आवाज दबला. मी तळवा दाबला, यांनी मशीन कमी केलं. घास मोठा होता. पण पाण्याच्या मध्यावर आवाज एकदम वर गेला, भणाणत गेला, आणि नाव मात्र मागे राहिली. वारा आडवा होता. बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांकडे आम्ही सरकायला लागलो. मी तळवा वर सरकवला. यांना वाटलं, घास लहान पडतोय. पण मघाशी तर मी दाबला होता... यांनी वळून माझ्याकडे बघितलं. एकाच पंख्याचा घास मोठाही आणि लहानही कसा? त्याला आमच्यात खूणच नव्हती. पुढच्या फळीवर बाजीराव बसलेला, आमच्याकडेच बघत होता. काय झालं ते सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागणार, आणि ओरडलं की सगळं उघडं.

मी दोन्ही हातांनी यांच्या गळ्याला मिठी मारली आणि किंचाळले, "अगं आई गं, बुडालो! बुडालो!" आणि त्याच किंचाळण्यात, कानाला तोंड लावून, "पंखा सुटलाय, मशीन फिरतंय, पंखा फिरत न्हाई, हळू घ्या, हळू!" सगळी नाव हसायला लागली. शेवंताबाई पोट धरून म्हणाली, "सोड गं त्याला, तूच बुडवशील!" बाजीरावही हसत होता. यांनी मशीन अगदी मंद केलं. पंखा आणि त्याला फिरवणारा दांडा यांच्यामध्ये रबर असतं, ते सुटलं होतं. हळू चालवलं तर ते धरायचं, जोर दिला की घसरायचं. गोगलगायीसारखे आम्ही काठाला लागलो. माणसं हसत हसत उतरून राजूरच्या वाटेला लागली.

काठावर आम्ही दोघंच उरलो. यांनी रानातल्या खोपीतून पोळ्याचा उरलेला शिंगांचा लाल रंग आणून पंख्याच्या मधल्या नळीपासून पात्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. रंग वाळल्यावर रिकामी नाव जोरात एक चक्कर फिरवली आणि मशीन वर उचललं. रेघ तुटलेली. निम्मी नळीवर, निम्मी भलतीकडे; नळी फिरत होती, पाती मागे राहत होती. "बराबर सांगितलंस," म्हणाले. इतक्या माणसांत मी यांच्या गळ्यात पडले होते... यांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि वर न बघताच म्हणाले, "लई दिवसांनी तुझा आवाज ऐकला."

माझा आवाज मुळातच बारीक. घरात मी काय बोलायची ते यांना कितीतरी दिवस पोचतच नव्हतं, आणि यांनी कधी तसं जाणवू दिलं नव्हतं. मान हलवायचे. मला वाटायचं, मशीनचं नाही तरी घरातलं माझं ऐकताहेत.

त्या दिवसापासून घरात मी मोठ्यानं बोलायला लागले. बाहेर तशीच गप्प. पुढे पूल झाला, नाव काठावर पालथी पडली, आता तिच्याखाली कुत्री पिलं घालतात. हे पाडव्याची बैठक कधी हरले नाहीत. कुणालाही कळलं नाही.

तो सुटलेला पंखा आमच्या मागच्या दाराला टेकू म्हणून आहे. लाल रंग पुसट झालाय, तरी रेघ दिसते, तुटलेली. काल शेजारची सून दारातून डोकावून म्हणाली, "काकू, कुणाला आवाज देऊन राह्यल्या?" मी चूल फुंकत होते. माझ्याच लक्षात नव्हतं. "चहा झालाय, अहो, चहा!" असं मी पत्रे हलतील एवढ्या मोठ्यानं ओरडले होते.

तिला म्हटलं, "ये, घे." ते तिला ऐकूच गेलं नाही. दोनदा सांगावं लागलं.