नवं खुराडं आणि मायचं लुगडं

बीडकर मंडळी, आष्टीच्या नेट कॅफेत बसून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

माय ऊसतोडीला गेलीय. जाताना म्हणाली होती, "कोंबड्या तुज्या जीवावर हायती." आणि परवा मुंगसानं एक कोंबडी नेली.

म्हणून काल दिवसभर खपलो. जुनं पत्र्याचं खुराडं मोडलं. खाली फरशी बसवली, चारी बाजूंनी बारीक जाळी ठोकली, दाराला कडी लावली. आता मुंगूस काय, उंदीरसुद्धा शिरणार नाही.

दिवस मावळला, पण एकही कोंबडी आत जाईना. हाकललं तर बाभळीखाली जाऊन बसायच्या. शेवटी तिच्या टोळीच्या मुकादमाच्या मोबाईलवर मायला फोन लावला.

ती हसली. "आरं, जाळीतून समदं दिसतंय त्यांला. अंधार न्हाई तर कोंबडी आत जाती का? पेटीतलं माजं जुनं लुगडं टाक वरून."

टाकलं. एकेक करून सगळ्या आत गेल्या आणि गप झाल्या.

लहानपणी माय तोडीला गेली की मावशी मला हेच लुगडं पांघरून झोपवायची. मीही असाच गप व्हायचो. काल हातात घेतलं तर चुलीच्या धुराचा वास अजून तसाच होता.

तुमच्यापैकी कुणाकुणाची माय सध्या उसाच्या फडात आहे?

कोंबड्यांना आजपासून पोतं चालेल. लुगडं मी ठेवून घेणार आहे.