लाल गाडी की करडी

बायको गेली त्याला दीड महिना झाला होता. दाढी वाढलेली, ज्वारी खळ्यात तशीच पडलेली. अशात पोराचा हैदराबादहून फोन आला. मला वाटलं, आईचं काही बोलेल. तर म्हणतो, "अप्पा, दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक लाल, एक करडी. कंची घ्यावी कळंना झालंय. तुमी या अन सांगा."

"कसल्या गाड्या?"

"पळवायच्या. रस्त्यावर बी चालत्यात अन रेसच्या पट्टीवर बी."

माझं डोकं फिरलं. ही पट्टी मला ऐकून माहीत होती. मद्रासच्या पलीकडं कुठंतरी आहे, सगळी वळणावळणांची. सुट्टीच्या दिवशी हे लोक तिथं गाड्या पळवतात. माल न्यायचा नसतो, माणूस पोचवायचा नसतो. जिथून निघाले तिथंच परत येतात आणि घाम पुसतात. ज्या दिवशी मी त्याच्या आईला दुसऱ्याच्या जीपमध्ये आडवी घालून आमच्या चिंताकी गावाहून बीदरच्या दवाखान्यात नेलं, त्या दिवशी हा त्याच पट्टीवर मित्राची गाडी पळवत होता. फोन बंद. संध्याकाळी लागला तेव्हा तो तिच्या कानाला लावण्यात काही उरलं नव्हतं. आणि आता मलाच विचारतो, पळवायला कोणती घेऊ!

"चुलीत घाल तुझ्या दोन्ही गाड्या," म्हणून मी फोन ठेवला.

तरी गेलो. खोटं कशाला लिहू? दुसऱ्या दिवशी त्यानं परत फोन केला आणि म्हणाला, "तुमच्याइतकं गाडीतलं कळणारं दुसरं कुणी न्हाई माझ्याजवळ." चौथी शिकलेल्या बापाला, अमेरिकेत सहा वर्षं काढून मंदी आली म्हणून परतलेला पोरगा असं म्हणाला की पाय आपोआप स्टँडकडं वळतात. तीस वर्षं मी गाडी चालवली आहे. आधी बीदरजवळच्या कोळारच्या गोदामातून तूरडाळीचा ट्रक, मग स्वतःची जीप, जी आता विकून टाकली आहे. चिंताकी ते औराद, औराद ते बीदर, आत बारा माणसं आणि मागं लटकलेली वेगळी.

ती जीप घ्यायची होती तेव्हा उदगीरला दोन जुन्या जीपा बघितल्या होत्या. बायकोला संगं नेलं होतं. ती दोन्हींत चढली, उतरली, लुगडं सावरत परत चढली. म्हणाली, "ही घ्या. हिची पायरी खाली हाय. म्हाताऱ्या बायास्नी कुणी दंडाला धरून वर वढायला नको." मला दुसरी आवडली होती, तिचे टायर नवे होते. पण मी तिला विचारलं होतं ना? मग तिचं ऐकलं. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या रिकाम्या जीपा सोडून माझ्या जीपची वाट बघत बसायच्या. विचारणं म्हणजे मला तेवढंच ठाऊक आहे.

हैदराबादेत बाहेरदेशातून आलेल्या जुन्या गाड्यांचं एक काचेचं दुकान होतं. धोतर बघून राखणदारानं मला दारातच अडवलं. पोरानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं तेव्हा सोडलं. सांगायला कशाला लागावं? गिऱ्हाईक काय फक्त पँटीतच असतं का?

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. लाल गाडीला दोनच सीट, वर कापडाचं छप्पर, तेही मागं सरकणारं. करडीला पक्कं छप्पर होतं, मागं आणखी दोन सीट होत्या, पण त्यावर माणूस बसणार नाही, फार तर पाटीभर कोथिंबीर बसेल. दोन्ही इतक्या बुटक्या की आमच्या गल्लीतल्या गटाराच्या फरशीवर पोट घासून घेतील.

"लाल हलकी हाय," पोरगा सांगायला लागला. "वळणावर रस्ता सोडत न्हाई. पट्टीसाठी तीच. करडी जड हाय, पर हायवेला तिला कुणी गाठत न्हाई."

"दोन्हीकडं चालवणार तर कंची नीट थांबती ते बघ की आधी," मी म्हणालो. पळण्याचं सगळ्यांना सुचतं, थांबण्याचं कुणाला सुचत नाही.

मी चपला काढून दाराशी ठेवल्या. आमच्याकडं दुसऱ्याची गाडी पहिल्यांदा हातात घेताना पायताण घालून कुणी चढत नाही. गाडी म्हणजे लक्ष्मी. आणि दुसरं कारण कामाचं आहे. ब्रेकमधलं खरं-खोटं उघड्या तळपायालाच कळतं. दुकानातला टायवाला खिदळला, "चाचा, घर नहीं है ये, गाडी है. चप्पलाँ पैन लेव."

"तेरेकू बेचना आता, मेरेकू चलाना आता," मी म्हणालो. "बाजू हट."

पोरगाही हसला. टायवाल्याचं हसणं सोडून दिलं, पोराचं लागलं.

दुकानामागच्या रस्त्यावर दोन्ही चालवून बघितल्या. लाल गाडी चांगली होती, नाही म्हणत नाही. बोट लावलं की वळायची. पण ब्रेक दाबला की पॅडल तळपायाखाली थरथरायचं, गाभण शेळीच्या पोटावर हात ठेवल्यासारखं. खाली उतरून धोतरासकट रस्त्यावर आडवा झालो आणि गाडीच्या पोटाखाली बघितलं. पुढच्या डाव्या चाकामागं रंग ताजा, बाकी सगळीकडं जुना. मग करडी चालवली. जोरात ब्रेक मारून स्टेरिंगवरचे हात सोडले, तरी सरळ रेषेत उभी राहिली.

"करडी घे," धूळ झटकत मी म्हणालो. "लाल कुठंतरी धडकलीया, नंतर सरळ केलीया. ब्रेकची चकती बी वाकडी हाय. वळती गोड, पर थांबताना दगा दील."

"बरं अप्पा," तो म्हणाला. लगेच म्हणाला. हे 'बरं' मी ओळखतो. घराच्या दारापर्यंत सोड म्हणणाऱ्या प्रवाशाला मी असंच 'बरं' म्हणायचो आणि फाट्यावरच उतरवायचो.

तेवढ्यात टायवाला त्याला म्हणाला, "भाई, लाल के कागजाँ तो सोमवार कूच आपके नाम पे हो गये. नंबर की पट्टी लगादूँ?"

त्या दिवशी गुरुवार होता.

मी चपला घातल्या आणि त्याच्या रोजच्या गाडीत जाऊन बसलो. तो मला गावाकडं सोडायला निघाला.  जहिराबादला चहाला थांबलो तेव्हा मला राहवलं नाही.

"सोमवारी घेतलास अन बेस्तवारी मला निवडायला बोलावलास? कामून?"

त्यानं कप बाजूला सारला. "तुमी जेवंना झालाव, बोलंना झालाव. गाडी म्हणलं की उठताव. म्हणून."

"म्हंजे मी पाळण्यातलं पोर हाय व्हय? माझ्यापुढं खुळखुळा वाजवायलास?"

"मग काय करू अप्पा? तुमच्यासंगं रडत बसू?"

"रडला असतास तर चाललं असतं. मी रस्त्यावर लोळलो की रं तुझ्या गाडीखाली! लोक हसायले, तू बी हसलास, अन सोमवारीच घेऊन ठिवलेली!" शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. बघू देत. "खोटं इचारू नको मला. तुला जे ठावं न्हाई तेच इचार. न्हाईतर गप बस."

 चहावर साय धरली. मग तो म्हणाला, "आईनं माझं नाव घेतलं का?"

दीड महिन्यात त्यानं हे विचारलं नव्हतं. मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

"घेतलं. पोरगं निघालं का, म्हणली. मी म्हणलो, निघालंय. घटकाभरानं पुन्ना म्हणली, कुठवर आलंय? मी म्हणलो, जहिराबाद वलांडलंय."

त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाला, "लाल परत करतो मी."

"मी आईचं सांगायलोय अन तू गाडीचं काय बोलायलास?"

"मला गाडीचंच बोलता येतंय, अप्पा."

राग आला होता. आजही येतो. पण मग तो एकेक विचारायला लागला. जीपमध्ये तिचं डोकं कुणाच्या मांडीवर होतं? माझ्याच. शुद्ध होती का? औरादपर्यंत होती, मग येत-जात होती. दुखत होतं का? व्हय, लई. मी काही झाकलं नाही. हॉटेलवाल्यानं दोनदा येऊन टेबल पुसलं, तरी आम्ही उठलो नाही. शेवटी त्यानं विचारलं, त्याचा फोन लागला असता, त्याचा आवाज ऐकला असता, तर ती तग धरून राहिली असती का.

मला माहीत न्हाई, मी म्हणालो.