डाव्या खांद्यावरचा वार

माझ्या दुकानातल्या एका लाल झग्यात आजवर अकरा राजे मेले, चार संन्यासी झाले आणि एक जादूगार स्टेजवरच चक्कर येऊन पडला. झगा एकच. कंबरपट्टा बदलला की राज्य बदलतं. लातुरात आमची ड्रेपरी सासऱ्यांच्या काळापासूनची, म्हणजे नाटकाला, गॅदरिंगला, मिरवणुकीला कपडे भाड्यानं द्यायचा धंदा. रावणाची दहा डोकी होती, त्यातली तीन उंदरांनी खाल्ली. मी सात डोक्यांचा रावण तीन वर्षं खपवला आणि एकाही मास्तरनं मोजला नाही. यान चंद्रावर उतरलं त्या वर्षी प्रत्येक शाळेला अंतराळवीर पाहिजे होते. मी पाण्याचे वीस लिटरचे जार कापून हेल्मेटं केली, अंगाला चंदेरी कागद चिकटवला. पोरांच्या श्वासानं जार आतून असे धुकटले की एक अंतराळवीर चंद्रावरून निघाला तो थेट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर उतरला.

मी वाढवून सांगते हे लातुरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझी नणंद म्हणते, "वहिनी पाऊस आला म्हणाल्या की मी आधी खिडकीतून हात काढून बघते." ही माझी सवय एकाच माणसाला ठाऊक नसावी असं मी धरून चालले होते. तिथंच चुकलं.

झालं असं, की कंधारच्या किल्ल्यात सिनेमावाले आले. गोष्ट अशी होती, की भविष्यातली माणसं यंत्रात बसून जुन्या काळातल्या एका लढाईत येऊन पडतात. म्हणजे एका बाजूला अंगरखे आणि ढाली, दुसऱ्या बाजूला चंदेरी सूट. कपड्यांचं सगळं बघणाऱ्या बाई मुंबईच्या. अख्खं युनिट त्यांना मॅडम म्हणायचं. इथलं कुणीतरी हाताशी असावं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. मला वाटलं, आता राजाचा पोशाख कसा बनतो ते शिकायला मिळणार. पहिल्याच दिवशी काय बघते, तर एक माणूस कोऱ्या करकरीत अंगरख्याला खोबरं किसायच्या किसणीनं किसतोय. दुसरा पॉलिश पेपरनं कोपरं घासतोय. तिसऱ्यानं धोतरं चहाच्या पाण्यात बुडवून मातीत पुरलीत. माझ्या सासूबाईंनी हे बघितलं असतं तर तिघांना त्याच मातीत पुरलं असतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नवा कपडा कॅमेऱ्यात खोटा दिसतो. त्यात माणूस राहिलाय असं दिसलं पाहिजे. घोड्यावर बसणाऱ्याचा चोळणा कुठं विरतो, ढाल धरणाऱ्याची बाही कुठं झिजते, हे मी आधी लिहून काढते."

"आणि ते चंदेरी?" मी विचारलं.

"ते अवघड. उद्याचा कपडा अजून कुणी धुतलेलाच नाही. तो कुठं विरेल ते कुणाला विचारणार?"

मला बाई आवडली. नायकाच्या अंगरख्याला डाव्या खांद्यावर तलवारीचा वार दाखवायचा होता. त्या एका वारासाठी त्या अर्धा दिवस बसल्या. आधी ब्लेडनं तिरपी चीर, मग सुईनं कडेचे धागे एकेक ओढून विस्कटले, मग वाळलेल्या रक्ताचा रंग. त्या वारासकट अर्धी लढाई शूट झाली. मग नायकाला दुसरीकडं तारखा होत्या म्हणून काम दोन आठवडे थांबलं.

जाताना मॅडमनी पेट्या माझ्या हवाली केल्या. "आहेत तसे ठेवा. हात लावू नका." मी म्हटलं, "माझ्या दुकानात मुंगीसुद्धा चप्पल काढून येते." पण रावणाची डोकी खाणारे उंदीर अजून माझ्याच दुकानात होते. म्हणून पेट्या मी नांदेडला चाचांच्या घरी ठेवल्या.

चाचा म्हणजे रफूगर. फाटलेल्या कपड्याचं सूत त्याच कपड्यातून काढायचं आणि भोक असं विणून टाकायचं की मालकालाही सापडू नये, हे त्यांचं काम. घराणं पिढ्यान्‌पिढ्या नांदेडातच. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या एका सुभेदाराची शेरवानी अशी रफू केली, की सुभेदार म्हणाला ही माझी नाहीच, असं मी सांगते. चाचा एवढंच सांगतात, "आजोबा रफू करायचे." आमच्या ड्रेपरीचे विरलेले कपडे तीस वर्षं त्यांच्याकडेच जात होते. पण आता रफूला येतंय कोण? एकदा एका आईनं मुलाची जीन्स आणून दिली, गुडघ्यावर फाटलेली. चाचांनी दोन दिवस बसून विणली. मुलगा रडत आला, म्हणे फाटकीच विकत घेतली होती, दुप्पट भावानं. चाचांना हे आजतागायत पटलेलं नाही.

त्यांच्या घरात एक रीत आहे. फाटकं घरात मुक्कामाला ठेवायचं नाही. दिवसभरात पुरं झालं नाही तर निदान एक टाका घालूनच दिवा लावायचा. ही रीत मला तीस वर्षं माहीत. आणि दुसरी गोष्टही माहीत होती. चाचांना काचबिंदू झाला होता. डावा डोळा गेलेला, उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. दोन वर्षं त्यांनी सुई धरली नव्हती. म्हणून मी निर्धास्त.

पेट्या ठेवताना त्यांनी झाकण उघडून हात फिरवला. "लई फाटलंय बेटी. कुणाचं हे?"

आता रफूगराला कसं सांगू, की हे फाडायला पगारी माणसं ठेवलीत? मला लाज वाटली. आणि लाज वाटली की माझ्या तोंडून खरं निघतच नाही. म्हटलं, "राजघराण्याचं हाय चाचा. दोनशे वर्षांपूर्वीचं. खुद्द त्यांच्या वाड्यातनं आणलंय. तुमच्याशिवाय कुणाच्या भरवशावर ठेवणार?"

"अच्छा," चाचा म्हणाले, आणि झाकण लावलं.

दोन आठवड्यांनी शूटिंगच्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन मी नांदेडला गेले. चाचा अंघोळ करून, पांढरे कपडे घालून, टोपी लावून पेटीशेजारी बसलेले.

"बघ," ते म्हणाले. "कुठं फाटलं होतं ते सांग."

झाकण उघडलं तर कडुनिंबाच्या पाल्याचा आणि इस्त्रीचा वास. घडीवर घडी. एक अंगरखा उलगडला, दुसरा उलगडला. चहाचे डाग नाहीत, माती नाही, कोपरं धड, चोळणे धड. नायकाचा अंगरखा काढला आणि डावा खांदा उजेडाकडं धरला. वार नव्हता. कुठं होता तेही कळत नव्हतं.

"सगळे केले?"

"सत्तावीस. सुनेनं धुतले, म्या विणले."

"आन् डोळे, चाचा?"

"नळीत एका वेळी एकच टाका मावतो. रफूला तेवढंच लागतं." मग जरा थांबून, "आता नळी बी बारीक झाली. हे शेवटचं."

मी म्हटलं, "लई सुरेख झालंय." खरंच झालं होतं, आफत तीच होती. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एकदाच खरं बोलले आणि ते नेमकं त्या वेळी.

"मी येतो संगं," चाचा म्हणाले. "अंगावर चढल्यावर खांद्याचं सूत ओढतंय का बघायचंय."

नको म्हणायला कारण सुचेना. कंधारपर्यंत मी पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसून चौदा थापा रचल्या आणि चौदाही मोडल्या. दुकानात आग लागली म्हणावं, तर कपडे धड कसे? चोरी झाली म्हणावं, तर पेट्या मागं खडखडत होत्या.

किल्ल्यात मॅडमनी पेटी उघडली. एक अंगरखा बघितला, दुसरा बघितला, आणि झाकण लावून पेटीवरच बसल्या. ओरडल्या असत्या तर मला तोंड उघडायला जागा मिळाली असती. त्या म्हणाल्या, "हे कुणी केलं?" मी कडुनिंबाखाली चहा घेत बसलेल्या चाचांकडं बोट केलं. मॅडमनी उठून नायकाचा अंगरखा काढला, खांद्यावर बोट फिरवत राहिल्या. "असं काम मी आयुष्यात बघितलं नाही," म्हणाल्या. मग आपल्या माणसांकडं वळून, त्यांच्या नजरेला नजर न देता, "चला. किसणी काढा."

मी पळत चाचांकडं गेले आणि त्यांच्या आणि पेट्यांच्या मधे माझी सगळी रुंदी घेऊन उभी राहिले. दिसणार तर नव्हतंच त्यांना. पण कान?

"काय फाडून राहिले गं?"

"तंबू हाय चाचा. वाऱ्यानं फाटला."

"पान हलेना, वारा कुठला?"

"ताडपत्री असंल मग."

"सुती हाय," चाचा म्हणाले. "आडवं फाडून राहिले." आणि कप खाली ठेवला.

मागून चर्र आवाज येत होता आणि दर आवाजाला चाचांचा अंगठा मांडीवर जरासा उचलत होता, सुईवर ठेवल्यासारखा. मी नुसती उभी. थांबवता येत नव्हतं, झाकता येत नव्हतं.

मग मॅडम आल्या. हातात अंगरखा आणि जुन्या शूटिंगचा फोटो. त्या चाचांसमोर मातीत बसल्या.

"चाचा, इथं डाव्या खांद्यावर एक वार होता."

"होता."

"मला तो परत पाहिजे. अर्धी लढाई त्या वारावर झालीय. दुसरीकडं फाडलं तर पडद्यावर वार उडी मारेल. आणि मला जागा सापडत नाही."

चाचांनी हात पुढं केले. कापड मांडीवर घेतलं, बोट खांद्यावरून गेलं आणि थांबलं. "हितं."

मॅडमनी ब्लेड काढलं.

"ते ठेवा," चाचा म्हणाले. "त्यानं नवा घाव पडंल. तुम्हाला तुमचा जुना पाहिजे ना? मग माझे टाके काढावे लागतील. जसे घातले तसे, उलटे."

आणि ते काढायला बसले. लढाई दीड तास थांबली. बरं, अर्धा तास. पण घोडे थांबले, नायक थांबला, भाले टेकवून सैन्य थांबलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भविष्यातल्या माणसांपैकी एकजण हेल्मेट काखेत मारून आला आणि चाचांवर छत्री धरून उभा राहिला. चंदेरी सूटमधून त्याला घामाच्या धारा लागल्या होत्या, पण हलला नाही. चाचा एक धागा उचलायचे, ओढायचे, आगपेटीतल्या एका काडीला गुंडाळायचे. शेवटचा धागा निघाला आणि वार उघडला. तिरपा, कडेला विस्कटलेला, मॅडमनी केला होता अगदी तसा. मॅडमनी फोटोशी लावून बघितला. रक्ताचा रंग तेवढा धुतला गेला होता, तो त्यांनी पुन्हा लावला आणि अंगरखा घेऊन पाठ फिरवून गेल्या.

चाचांनी काडी खिशात ठेवली. अंगरखा अंगावर चढल्यावर कसा दिसतो हे बघायचं राहून गेलं. त्यांनी विचारलंच नाही.

परतताना टेम्पोत मी म्हटलं, "चाचा, ते राजघराण्याचं..."

"ठाऊक हाय. गिरणीचं सूत हाय, वर्षाचं बी न्हाई. पेटी उघडली तवाच कळलं."

"मग विणलं कशाला?"

"कापड खोटं होतं बेटी. भोक तर खरं होतं. घरात कसं राहू देऊ?" थोड्या वेळानं म्हणाले, "आन् तू दोनशे वर्षं म्हणली ते बरं वाटलं. असं काम घेऊन कोण येतं आता?"

तिथंच मी मनात शपथ घेतली, की ह्या माणसाशी पुन्हा खोटं बोलायचं नाही.

सिनेमा लातूरला लागला. पहिल्याच खेळाला गेले. पडदाभर चंदेरी सूट, उजेड, धूर. नायकाचा डावा खांदा समोर आला, मी खुर्चीत पुढं सरकले, आणि तो गेला. पापणी लवली असती तर तेवढाही दिसला नसता.

दुसऱ्या दिवशी नांदेडला गेले. चाचांची नळी एव्हाना पुरती मिटली होती. सुनेनं खुर्ची दिली. चाचांनी माझा आवाज ऐकला, हात चाचपडत फळीकडं नेला आणि ती धागे गुंडाळलेली काडी काढून मुठीत धरली.

"बघितलास? सांग."

"वार दिसला चाचा. एकदा."

"किती वेळ?"

शपथ घेतली होती. "पापणी लवावी तेवढा."

"आन्?"

"बस. तेवढंच."

चाचांनी कान माझ्याकडं आणखी कलता केला. मग म्हणाले, "तूच सांगून राहिली ना? का दुसरंच कुणी आलंय?"

मी तोंड उघडलं. सात डोक्यांचा रावण खपवणारी मी, एका झग्यात अकरा राजे मारणारी. म्हणायचं होतं, चाचा, अख्ख्या थिएटरनं श्वास धरला होता, नायकापेक्षा तो खांदाच मोठा दिसत होता, पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला. एवढं तर मला झोपेतही जमतं. जीभ हलेना. चाचा काडीवरचा धागा बोटानं मोजत, तोंड माझ्याकडं करून, ऐकायला बसलेले.