देवीची वाट

आमची सोसायटी उभी राहिली ती गावाच्या शेतांवर. पहिल्याच वर्षी, जत्रेच्या सकाळी, ढोल वाजवत गावदेवीची पालखी थेट आमच्या गेटाशी आली. वॉचमननं ती अडवली. पालखीपुढे चालणाऱ्या गावातल्या सखूबाई हसून म्हणाल्या, "देवी दरसाल ह्याच वाटंनं जाती, बाबा. तुमीच मदी आलात!"

तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, उघडा ना गेट!"

गुलाल उधळत पालखी पार्किंगमधल्या गाड्यांमधून वाट काढत निघाली. माणसं जिने उतरून धावली. मीही खांदा दिला. सखूबाईंनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. म्हणाल्या, "आता गावातले झालात."

घराच्या किल्ल्या हातात आल्या, तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.