सीलबंद बाटल्या

ही घटना माझ्या नोकरीतली नाही, निवृत्तीनंतरची आहे. तरी ती रोज आठवते, कारण पोलीस म्हणून मी केलेला शेवटचा तपास तोच. तो यशस्वी झाला होता, हेच दुर्दैव.

रत्नागिरी जिल्ह्यातून पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मस्कतला दार्सैतमध्ये मुलाकडे राहायला आलो. मुलगा एसीची कामं करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर, सून शाळेत शिक्षिका. खबर दिली ती खालच्या मजल्यावरच्या दुकानदाराने, तोही आमच्याच जिल्ह्यातला. जिन्यात गाठून हळूच म्हणाला, “साहेब, तुमच्या किचनमधनं आंबल्याचा वास येतो. वॉचमनपण विचारीत होता. पोराला सांगा, यल्ला, लवकर खलास कर. हितं पकडला तर नोकरी गेली, व्हिसा गेला.”

हातभट्टीवर मी घातलेल्या छाप्यांची गणती नाही. गुळाच्या रसायनाचा वास मला लांबून यायचा. स्वतःच्या घरात मात्र तो सुनेच्या इडलीच्या पिठाचा वाटला होता.

संध्याकाळी मुलाला समोर बसवलं. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मला कधी पटले नाहीत. आपण गप्प बसलो की समोरचा आपोआप बोलायला लागतो. पोटचा पोरगा पाच मिनिटंही टिकला नाही.

“बाबा, बिअर आहे. नेटवर बघून ट्राय करत होतो. विकायची नव्हती हो! साइट, घर, साइट, घर. काहीतरी स्वतःच्या हाताने बनवून बघावंसं वाटलं.”

सिंकखालचं कपाट त्यानेच उघडलं. बिनअल्कोहोलचं माल्टचं पेय, साखर आणि पावाचं यीस्ट घालून त्याने पाण्याच्या मोठ्या जारमध्ये हा उद्योग केला होता. आता ते काचेच्या वीसेक बाटल्यांत भरलेलं होतं. बुचं सैल होती. गुन्हा कबूल, मुद्देमाल हस्तगत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी घरात माझं काहीतरी काम निघालं होतं.

“लगेच ओतून टाकतो,” तो म्हणाला.

मी नको म्हटलं. एवढं सगळं मोरीत ओतलं असतं तर वास शाफ्टमधून बिल्डिंगभर गेला असता. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गाडीत घालून अल अमेरातच्या पलीकडे डोंगरात रिकामं करायचं, तोवर मुद्देमाल सील, असा हुकूम सोडला. प्रत्येक बूच मी स्वतः घट्ट दाबलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली, सवयीने सहीसुद्धा केली आणि बाटल्या परत त्याच कपाटात ठेवल्या.

“बाबा, टाइट नका करू. अजून गॅस होतोय, रोज काढावा लागतो. मी पहिल्यांदाच करतोय, साखर पण जास्त पडलीय बहुतेक.”

“आरोपीने मुद्देमालाला हात लावायचा नसतो,” मी म्हणालो. सून खळखळून हसली.

गाळलेल्या दारूचे नमुने मी आयुष्यभर सील केले, एकही बाटली फुटली नाही. रसायन आंबायचं ते उघड्या पिंपांत. बंद बाटलीत आंबत असलेली गोष्ट मी कधी पाहिलीच नव्हती. ज्याला माहीत होतं, त्याला मी आरोपी ठरवून गप्प केलं.

जूनचा महिना, किचनला एसी नाही. गुरुवारी दुपारी सून शाळेतून आली आणि भांडी घासायची पावडर घ्यायला कपाट उघडून सिंकखाली वाकली. एक बाटली फुटली, पाठोपाठ आणखी दोन. मी धावत गेलो तेव्हा ती फरशीवर बसली होती, डावा डोळा तळहाताने दाबून. बोटांमधून रक्त येत होतं.

फोन केल्यावर मुलगा साइटवरून निघाला. आम्ही टॅक्सी केली. त्या टॅक्सीत मी काय करत होतो? तिचा जबाब पढवत होतो. “कोल्ड्रिंकची बाटली म्हणायचं. उन्हातून आणली, हातात फुटली. दुसरं काही बोलायचं नाही.” खरं बाहेर आलं तर मुलगा आत जाईल, हेच डोक्यात होतं. ती वेदनेने कण्हत होती, आणि कण्हता कण्हता माझं वाक्य पाठ करत होती.

हॉस्पिटलमध्ये तिने ते शब्द न शब्द सांगितलं. कोणी उलटतपासणी केली नाही. डॉक्टर म्हणाले, डोळा राहील, दिसणार नाही.

मुलाची नोकरी राहिली, व्हिसाही राहिला. तो जेवायला बसला की ताटातून मान वर करत नाही. सून आता चहाचा कप ठेवताना आधी टेबलाची कड हाताने चाचपते.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? माणूस घाबरून कबुली देत असतो, तेव्हा त्यातच तो एखादी कामाची गोष्टही सांगून जातो. आपल्याला कबुलीच हवी असते, म्हणून बाकीचं ऐकू येत नाही. नोकरीत अशा किती माणसांचं बोलणं मी अर्ध्यावर तोडलं असेल, याचा विचार आता करवत नाही.

मी दोनदा सुनेची माफी मागायला गेलो. “बुचं मीच घट्ट केली होती गं,” एवढंच कसंबसं बोललो.

“कसली बुचं, बाबा?” दोन्ही वेळा ती म्हणाली. “कोल्ड्रिंकची बाटली होती ती.”