गॅसच्या वीजघरातला नवरदेव

तर काय, फोन गेला उशीखाली! पण आधी नवरदेव कोण ते सांगायला हवं, नाहीतर गोष्ट हवेतच राहायची.

नवरदेव म्हणजे शहराबाहेरच्या गॅसवरच्या छोट्या वीजघरातला ऑपरेटर. हे वीजघर रोज चालत नाही. घराघरांत पंखे, एसी एकदम लागले आणि मोठ्या केंद्रांची दमछाक झाली, की याला बोलावणं. तोवर हा इस्त्रीच्या कपड्यांत नटून वाट बघत बसलेला. म्हणून नवरदेव. बसून बसून डोळे अर्धे मिटलेले. समोर पसरलेलं शहर म्हणजे एक झोपलेलं मोठं जनावर आहे आणि आपण त्याचा श्वास ऐकतोय, असं त्याला वाटायचं.

आता यंत्राची खोड. सुरू होताना पहिली काही मिनिटं ते पिवळा धूर ओकायचं. मग आतल्या ज्योतीवर पाण्याचा फवारा सुरू होऊन तिची धग कमी झाली की धूर थांबायचा आणि चिमणीच्या तोंडावर नुसती हवा थरथरायची. नवरदेवाचं घर कुंपणाला खेटून. त्यामुळे बटण दाबण्याआधी तो घरी मिस कॉल द्यायचा. बायको दोरीवरचे कपडे ओढायची, खिडक्या लावायची. तिचं बघून शेजारणीही लावायच्या. "लागला वाटतं मुहूर्त!" म्हणून खिदळायच्या.

लेकीला मूल झालं, पण ती माहेरी येईना. "बाबा, त्या पिवळ्या ढगाखाली मी बाळ आणायची नाही." आजोबा फोटो बघून झुरायचे. शेवटी एका ढगाळ, गार दिवशी ती आली.

"आज कोण विचारतंय आम्हाला? निर्धास्त राहा," नवरदेवाने शब्द दिला. नातीच्या टाळूचा दुधाळ वास घेऊन तो कामावर गेला, तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. महिनाभर राहीन, असंही लेक बोलून गेली होती.

दुपार कलली आणि कुठलंसं मोठं केंद्र बंद पडलं. "लगेच सुरू करा," वरच्या कचेरीतून साहेबाचा फोन. नवरदेवाने मिस कॉल दिला. पण नात नुकती झोपलेली, म्हणून बायकोने फोन उशीखाली दाबलेला! त्याला इथून घर दिसत होतं. खिडक्या सताड उघड्या, दोरीवर दुपटी. पुन्हा लावला. पुन्हा.

"काय हो, डुलकी लागली का?" साहेब पुन्हा फोनवर खेकसला.

दवाखान्यातले दिवे, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं नवरदेवाच्या डोळ्यांपुढे आली. त्याने बटण दाबलं.

धूर वर गेला, रेंगाळला आणि स्वप्नातल्यासारखा, जराही घाई न करता, अलगद दुपट्यांवर उतरला.

संध्याकाळी घरी येतो तर लेक दारात, बाळ शालीत, पिशवी भरलेली.

"अगं, वाफ असेल ती, गारव्यात दिसते," बायकोची सारवासारव चाललेली. "होय ना हो?"

"बाबा, तुम्ही सांगा," लेक म्हणाली. "वाफ होती?"

हो म्हटलं असतं तर ती राहिली असती. तिलाही राहायचंच होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. नातीने त्याचं बोट मुठीत धरलं. ते हळूच सोडवत तो म्हणाला, "धूर होता, आणि तो मीच सोडला. आण ती पिशवी, बसपर्यंत येतो. आणि आता सुट्टी मिळाली की मीच येत जाईन तुमच्याकडे, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून."